टेलरबाईंचं पुढचं दार

टेलरबाईंना निर्वासितांचा कळवळा आहे असं कुणी म्हटलं असतं, तर हातातली कात्री खाली न ठेवता त्यांनी त्याला जिना दाखवला असता. छावणीतली माणसं बाजारात फिरू लागल्यापासून त्या पिशवी छातीशी धरूनच चालत. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांची काजं वाकडी येऊ लागली होती. कोट शिवण्यात उभा जन्म गेलेल्या बाईला वाकडं काज म्हणजे चारचौघांत नाक कापल्यासारखं. अशात छावणीच्या फाटकाशी एक माणूस आपल्याच शर्टाला काज करत बसलेला त्यांना दिसला. टाके एकाला एक खेटलेले, कुठे धागा सैल नाही. बाईंना माणूस आवडला नाही, काज आवडलं.

नवा कायदा असा होता की छावणीतल्या कुटुंबाला गावात राहायचं तर इथल्या कुणीतरी जागा द्यावी, आणि त्या जागेला स्वतंत्र दार असावं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या घराला दारं दोन. पुढच्या खोलीचं मुख्य जिन्यावर, मागच्या खोलीचं लोखंडी गोल जिन्यावर. तो जिना थेट कचऱ्याच्या बोळात उतरायचा. बाईंनी काजवाला, त्याची बायको आणि लहान मुलगी यांना मागची खोली दिली. मधलं दार उघडंच ठेवलं, म्हणजे "ए काजवाले" म्हटलं की तो पुढे येऊन उंबऱ्याशी फरशीवर बसे.

खालच्या मजल्यावरून जाऊबाई तरातरा वर आली. "वहिनी, भावोजी असते तर असले लोक घरात शिरले असते का?"

"ते असते तर काजं त्यांनी केली असती. तू करतेस?"

समोरच्या ब्लॉकमधले सोसायटीचे सेक्रेटरी दारातूनच म्हणाले, "आज बोळातून येतायत. उद्या आपल्या जिन्यात चूल मांडतील."

"तुमचं चपलांचं कपाट जिन्यातच मांडलंय की. त्याला कुणी हात लावला?"

सेक्रेटरींना हे लागलं. ते दुसऱ्याच दिवशी छावणीच्या कचेरीत जाऊन सांगून आले, की मागचा जिना हा काही खरा रस्ता नव्हे. मग तपासणीस बाई आल्या. लोखंडी जिन्याने घामाघूम होऊन वर चढल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"हा जिना आगीच्या वेळचा. कायद्याला रोजच्या वापराचं दार लागतं. आणि हे मधलं दार?"

"उघडंच असतं. कामाला बरं पडतं."

"तुमच्या कामाला," तपासणीस बाई म्हणाल्या. "लोक जागा द्यायचे आणि माणसं कोंडून राबवून घ्यायचे. म्हणून हा नियम आहे. मधल्या दाराची कडी त्यांच्या बाजूला हवी."

"मी कुणाला कोंडलं नाही."

"मग दार द्या. नाहीतर उद्या गाडी पाठवते, ते छावणीत परत."

तपासणीस बाई मुख्य जिन्याने उतरल्या तेव्हा सेक्रेटरी जिन्यात हसत उभे होते. "आपण तरी काय करणार, टेलरबाई? कायदा पडला."

बाईंनी खुंटीवरच्या कोटांकडे पाहिलं. सगळे तयार, काजाविना. त्या मागे वळल्या. "उचल," त्या काजवाल्याला म्हणाल्या.

आपल्याला हाकललं असं समजून त्याच्या बायकोने अंथरूण गुंडाळायला घेतलं.

"गाठोडं नको. मशीन उचल. ते मागे आण, तुमचं सामान पुढे ने."

पुढच्या दारावरची यजमानांच्या नावाची पाटी बाईंनी स्वतः काढली आणि मधल्या दाराची कडी पुढच्या खोलीच्या बाजूला बसवली. स्क्रू फिरवताना सेक्रेटरींना त्यांनी जी विशेषणं लावली, ती तळमजल्यापर्यंत पोचली.

ज्यांनी बोळातून गुपचूप यावं अशी सोय होती, ते आता चपलांच्या कपाटाला वळसा घालून मुख्य जिन्याने ये-जा करू लागले. "तुमच्या शहाणपणाने आमचा जिना गेला," जाऊबाईने सेक्रेटरींना सुनावलं. कुणीतरी बेलच्या बटणात काडी खुपसून ठेवली. कुणीतरी दारात कचरा ओतला. मुलीला पाहून वरची मुलं नाक धरत. टेलरबाई मात्र कापडाचा गठ्ठा काखेत मारून लोखंडी जिना चढत. मध्येच पायरीवर बसून गुडघ्यांना, कायद्याला आणि काजवाल्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत.

पुढच्या आठवड्यात कळलं की नाक्यावरच्या रेडिमेडवाल्याने काजवाल्याला बोलावलंय. आता त्याला कुणाकडेही काम करायची मोकळीक होती. आदल्या दिवशी दिलेले कोट तर पलीकडेच होते. बाई मधल्या दाराशी गेल्या. दार बंद होतं. आपल्याच घरातलं दार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ठोठावलं.

"ए..." त्या थांबल्या. "अहो, कोट."

कडी सरकली. काजवाल्याने कोट पुढे केले. "दुकानवाला बोलावतो," तो म्हणाला.

"कळलं मला."

"तिथे बसायला खुर्ची आहे."

बाईंनी कोट खिडकीपाशी नेले. काजांवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. खोट काढायला जागा नव्हती.

"दार उघडायला उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"कडी घट्ट आहे."

बाईंनी मशीनपुढचं आपलं स्टूल पायाने दाराकडे ढकललं. "एक पाय आखूड आहे त्याचा. पडलास तर मला सांगू नकोस."

त्याने स्टूल उचलून आत नेलं आणि दार लावून घेतलं. कडी बसल्याचा आवाज आला. मग पलीकडून तो म्हणाला, "उरलेले कोट दुपारी द्या. आधी दार वाजवा."

बाई उभ्याउभ्याच पुढचा कोट बेतायला लागल्या.