डाव्या कानाचं कॅशबॅक

छापखान्यात त्याला सगळे लिंकराव म्हणायचे, तेही तोंडावर. त्याला तो मान वाटायचा, म्हणजे बघा.

स्टोअरमधल्या कागदाच्या रिमांवर, शाईच्या डब्यांवर आणि मशीन पुसायच्या चिंध्यांवर त्याची सत्ता होती. मशीनवाला कोपरापर्यंत काळा होऊन दारात उभा राहिला तरी चिठ्ठीवर सुपरवायझरची सही असल्याशिवाय डबा पुढे सरकायचा नाही. चिंध्यासुद्धा हा मोजून द्यायचा. एवढा काटेकोर माणूस जेवणाच्या सुट्टीत मात्र सैल सुटायचा. डबा उघडायच्या आधी मोबाइल उघडायचा आणि प्रवचन सुरू करायचा.

"तुम्ही दुकानाच्या साइटवर सरळ जाता, तिथंच चुकता. आधी कॅशबॅकच्या साइटवर जायचं. तिथली लिंक दाबून दुकानात शिरायचं. दुकान त्यांना दलाली देतं, ते त्यातला वाटा आपल्याला देतात. वस्तू तीच, किंमत तीच, वर पैसे परत! आता मला सांगा, वेडा कोण?"

वेडा कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण जेवताना वाद कोण घालणार? बाइंडिंगवाल्याच्या घरी पाळणा हलला तेव्हा यानं अभिनंदनाच्या निरोपाखाली स्वतःची रेफरल लिंक चिकटवली होती. तिच्यावरून कोणी खातं उघडलं की याला बक्षीस मिळायचं. बाळाचं नाव काय ठेवलं, हे त्यानं आजतागायत विचारलेलं नाही.

आता कॅशबॅक ही काही वाईट गोष्ट नाही. ज्याला चादर हवीच आहे त्यानं चादर घेतली आणि चार पैसे सुटले, तर कोणाचं काय जातं? लिंकरावचं सगळं उलटं होतं. तो आधी टक्के बघायचा आणि मग गरज शोधायचा. घरात कुत्रा नव्हता, पण कुत्र्याच्या शाम्पूवर वीस टक्के होते म्हणून सहा बाटल्या आल्या. घरातली पायपुसणी वर्षभर त्या शाम्पूनं न्हाली. वजनकाटे तीन होते आणि तिन्हींवर त्याचं वजन वेगळं भरायचं. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात, या घरात तर कोंबडीचाच पत्ता नव्हता.

आणि आलेली वस्तू परत करायची नाही, हा त्याचा धर्म. कारण वस्तू परत गेली की तिच्यावरचं कॅशबॅक रद्द. म्हणून तो एक नंबर मोठे बूट पुढे कापूस कोंबून घालायचा आणि चालताना फटक फटक वाजायचा. शर्टांच्या बाह्या बोटांपर्यंत यायच्या. त्या कापायला बायको होतीच. ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत बसून कपडे अल्टर करायची. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करायच्या आणि घरी येऊन नवऱ्याचे टक्के आखूड करायचे, असा तिचा संसार. सुरुवातीला तिला हसू यायचं, नंतर राग यायचा. पुढे पुढे ती नुसती टाचण्या तोंडात धरून म्हणायची, "हात वर करा."

तिचे वडील त्यांच्याकडेच राहायचे. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. उजवा कान जुन्या तापात कायमचा गेला होता, पण डाव्यावर त्यांचा धंदा चालला. झाकण उघडायच्या आधी ते घड्याळ डाव्या कानाशी धरायचे आणि रोग सांगायचे. गेल्या दोन वर्षांत तो कानही मंदावला. तरी सवय सुटत नव्हती. सकाळी किल्ली दिली की ते स्वतःचं घड्याळ कानाशी न्यायचे, थोडा वेळ थांबायचे आणि मग चालू आहे की नाही हे बघायला काट्याकडे पाहायचे. त्या वेळी ती दुसऱ्या खोलीत निघून जायची. तिला ते बघवत नसे.

डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, "उजव्यात आता काही उरलेलं नाही. डाव्याला यंत्र लावा, चांगलं ऐकू येईल."

वडिलांनी आपलं छोटं लेथ आणि हत्यारांची पेटी विकली. आलेले पैसे त्यांनी विश्वासानं जावयाच्या हातात ठेवले, कारण ऑनलाइनचं त्यालाच कळतं. झालं! लिंकराव तीन आठवडे थांबला. दुप्पट कॅशबॅकचा दिवस यायचा होता म्हणे. तीन आठवडे म्हातारा माणूस माना डोलावत बसला, आणि हा रोज टक्के तपासत बसला. पैसे सासऱ्याचे आणि कॅशबॅक जावयाचं, असा तो हिशोब होता.

शेवटी खोका आला. तिनं हात धुऊन, पुसून तो उघडला. यंत्र कानामागे बसणारं, बोटाच्या पेराएवढं होतं आणि त्याच्यावर लाल ठिपका होता. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, लाल म्हणजे उजवा कान.

"अहो, हे उजव्याचं आहे."

लिंकरावनं मोबाइलवरून मान वर केली नाही. "कंपनीनं चुकीचं पाठवलं असेल."

"मग परत करू या. दहा दिवसांची मुदत आहे, इथं लिहिलंय."

आता मात्र मान वर आली. "परत? अगं, दुप्पट आहे त्याच्यावर! साठ दिवसांनी पक्कं होतं. तोवर हात लावायचा नाही त्याला."

"पण त्यांचा उजवा कान गेलाय हो."

"घालू तर देत. वापरून वापरून सुधारेल. आपले हातपाय नाही सुधारत व्यायामानं?"

हे तो अगदी मनापासून बोलला. एखादा माणूस दगडावर पाणी घालून झाड येईल म्हणतो, तर निदान पाणी तरी त्याचं स्वतःचं असतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला वाटलं, हा माणूस मूर्ख असता तर बरं झालं असतं.

वडिलांनी यंत्र उजव्या कानाला लावलं. जावयानं समोर उभं राहून ओरडून विचारलं, "येतंय का ऐकू?" वडील त्याच्या ओठांकडे पाहत हसले आणि म्हणाले, "छान, छान." जावयाच्या घरात राहणारा माणूस आणखी काय म्हणणार! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घड्याळाला किल्ली दिली, कानाशी धरलं आणि मग काट्याकडे पाहिलं.

ती नऊ दिवस थांबली. रोज एकदा विषय काढायची आणि तो रोज तो कानाआड करायचा. नवव्या दिवशी तिनं दुकानातून अर्धी सुट्टी घेतली, खोक्यातलं बिल काढलं आणि वडिलांना घेऊन यंत्रांच्या कंपनीच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या बाईनं बिल पाहिलं, यंत्र तपासलं.

"बदलून मिळेल. पण हे परत आलं म्हणून लिहावं लागेल आणि डाव्याचं नवीन बिल होईल. चालेल ना?"

"पळेल," ती म्हणाली.

निळ्या ठिपक्याचं यंत्र वडिलांच्या डाव्या कानामागे बसलं. बाईनं त्याचा आवाज हळूहळू वाढवत नेला. वडील एकदम ताठ झाले. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही, काउंटरवरच्या बाईकडेही नाही. भिंतीकडे बोट करून ते म्हणाले, "ते घड्याळ लंगडतंय. एक ठोका लांब पडतोय, एक जवळ. जरा डावीकडे कलतं करा." बाईनं खुर्चीवर चढून लंबकाचं ते घड्याळ बोटभर सरकवलं. वडिलांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. मग ते लेकीला म्हणाले, "तू एवढी हळू बोलायचीस का गं नेहमी?" ती तिथंच, परक्या दुकानात, पदर तोंडाला लावून रडली.

घरी जाताना तिनं ठरवलं, नवऱ्याला सांगायचं नाही. त्याला कळू दे. त्याचं त्याला दिसू दे. एकाच घरात राहतो, समोर बसून जेवतो, उजवीकडचा लाल ठिपका निळा होऊन डावीकडे गेला, हे त्याच्या लक्षात येईल. त्यावर तो ओरडला तरी चालेल, पण निदान त्यानं बघितलं असं तरी होईल.

त्यानं बघितलं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. वडील मागून हाक मारली तरी वळायचे, दारावर टकटक झाली तर आधी उठायचे, आणि हा त्यांच्याशी पूर्वीसारखाच ओरडून आणि हातवारे करून बोलायचा. दुकानानं परतीची पोच मेलवर पाठवली होती, पण त्याच्या मेलमध्ये ऑफरींचा एवढा कचरा साचला होता की त्यात ती कुठं गेली कोणास ठाऊक. वडिलांनीही काही सांगितलं नाही. बापलेकीत यावर एक शब्द झाला नाही. ती वाट बघतेय, हे त्यांना कळलं होतं.

एका रविवारी लिंकराव खिडकीशी उभा राहून त्याच्यासारख्याच एका कॅशबॅकवाल्याशी फोनवर बोलत होता. ती मशीनवर त्याच्याच पँटची दुमड शिवत होती. वडील त्याच्यापासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते.

"अरे, डावा संपला होता त्या दिवशी," लिंकराव हसत सांगत होता. "उजवा शिल्लक होता. दुप्पट सोडतो काय मी? टाकला उजवा! घरी सांगितलं, कंपनीची चूक. म्हाताऱ्याला काय रे, उजवा काय नि डावा काय!"

तिचा पाय मशीनच्या पेडलवरच थांबला. तिनं वडिलांकडे पाहिलं. पेपर त्यांच्या तोंडासमोर होता आणि तो जरासुद्धा हलला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी पान उलटलं. तिला वाटलं, उठावं आणि ते तिन्ही वजनकाटे या माणसाच्या डोक्यात घालावेत. त्याऐवजी तिनं दुमड पूर्ण केली. पण त्या दिवसापासून तिनं त्याच्या लक्षात येण्याची वाट बघणं सोडून दिलं.

साठावा दिवस उजाडला. लिंकराव सकाळी आंघोळीच्या आधीच मोबाइल घेऊन बसला. अंगठ्यानं पडदा ओढला, पुन्हा ओढला आणि त्याचा चेहरा पडला. घरात कोणी आजारी पडलं तेव्हाही तो इतका कधी पडला नव्हता.

"रद्द? रद्द कसं? 'कारण: वस्तू परत.' अरे, कोणी परत केली? कोणी केली परत?"

"मी केली," वडील म्हणाले.

लिंकराव वैतागून त्यांच्या तोंडाजवळ वाकला आणि ओरडला, "तुम्हाला नाही विचारलं बाबा! तुम्ही बसा!"

"ओरडू नका, जावईबापू. दीड महिना होऊन गेला, मला ऐकू येतंय. लेकीनं नि मी जाऊन बदलून आणलं." वडिलांनी डाव्या कानाकडे बोट केलं. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "त्या रविवारचा तुमचा फोनही ऐकला. म्हाताऱ्याला उजवा काय नि डावा काय, म्हणालात. फरक असतो हो."

लिंकरावचं तोंड उघडं होतं. तो सासऱ्याच्या डाव्या कानाकडे बघत होता, दीड महिन्यात पहिल्यांदाच. ती दारात उभी होती. सगळं माहीत असूनही तिच्या मनात आलं, आता तरी हा काहीतरी बोलेल. 'चुकलं' एवढं म्हणाला तरी पुरे. बाह्या कापत काढलेली इतकी वर्षं त्या एका शब्दावर तिनं सोडून दिली असती.

त्यानं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"मग ते डाव्याचं नवीन," त्यानं विचारलं, "कुठल्या लिंकवरून घेतलं?"

वडिलांना प्रश्न स्वच्छ ऐकू आला होता. त्यांनी घड्याळाला किल्ली दिली, डाव्या कानाशी धरलं आणि काट्याकडे न बघता ते खिशात टाकलं.

"चल गं," ते लेकीला म्हणाले, "आपण दोघं बाहेर जाऊन चहा घेऊ."

ती चपला घालायला वळली. मागून तो पुन्हा तेच विचारत होता, या वेळी जरा मोठ्यानं.