पलटणीतला राब

सरूनं झाशीच्या छावणीला आग लावली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. म्हणजे छावणीत तसा बोभाटा झाला. सरूच्या मते तिनं आग लावलीच नव्हती, राब भाजला होता.

मावळात, कुरवंड्यात जन्मलेल्या बाईला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात खाचराच्या कोपऱ्यात शेण पसरायचं, त्यावर टहाळ, पालापाचोळा, वर मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवून द्यायचं. जमीन धुमसत भाजते, तण मरतं, आणि पुढं त्याच काळ्या राखेत भाताचं रोप तरारून उठतं. वैशाखात सगळ्या मावळात धूर असतो, कुणी मान वर करून बघत नाही. झाशीच्या फ्यामिली लायनीपासून मात्र दारूगोळ्याचं कोठार हाकेच्या अंतरावर होतं.

लग्न होऊन सरू महिपतीबरोबर निघाली त्या दिवशी तिच्या आईनं, बयाबाईनं, फडक्यात आंबेमोहराचं बी बांधून दिलं होतं. महिपती शेजारच्याच कुसगावचा, पलटणीतला शिपाई. बयाबाई लेकीला म्हणाली, "जितं ऱ्हाशील तितं पेर. लोंब्या आल्या की मला आनून दाव. मंग मी समजंन, पोर रुजली."

रुजायला उसंत कुठं होती? नगरला बी पेरलं तर पाण्याची बोंब. सिकंदराबादेला भात गुडघ्याला लागलं आणि हुकूम आला, गुंडाळा बिस्तरे. "शेळ्यांनी खाल्लं आसंल आता," हे सरू झाशी येईपर्यंत गाडीत म्हणत राहिली. झाशीला पोचली तेव्हा फडक्यात मूठभर बी उरलं होतं. दिवे लागायच्या वेळेला तिला रोज रडू यायचं. पाण्याची चव वेगळी, भाजी वेगळी, शेजारणींची बोली वेगळी. आणि कुरवंड्याच्या डोक्यावरचा नागफणीचा कडा नाही. तो कडा डोळ्यांसमोर नसला की दिशाच कळत नाहीत, असं ती महिपतीला सांगायची.

"सूर्य उगवतो की हितंबी," तो म्हणायचा.

"उगवतो. पर कुटनंबी उगवतो."

तर त्या वैशाखात सरूनं क्वार्टरामागं, धुण्याच्या हौदाचं पाणी साचायचं त्याच्या कोरड्या कडेला, चार हात जागा धरली. खेचरांच्या तबेल्यातली लीद आणली, कडुलिंबाचा वाळका पाला आणला, वर माती पसरली. पदर खोचला आणि काडी लावली.

पहिली किंकाळी शालूबाईची. ती शेजारच्या हवालदाराची बायको, माणदेशातली. तिकडं बाजरीचं रान, राबाचं नाव कुणी ऐकलेलं नाही. "सरीचं घर प्येटलं," म्हणून ती बोंबलत सुटली. बिगूल वाजला. अर्धी दाढी झालेले, एका पायात बूट घातलेले शिपाई बादल्या घेऊन धावले. धूर सगळ्या लायनीत भरला. त्यांच्यासमोर सरू दोन्ही हात पसरून उभी.

"पानी टाकाल तर बगा. अर्दाच भाजलाय."

"काय भाजलंय, बाई?"

"राब."

बादल्यावाले एकमेकांकडं बघू लागले. त्यातले निम्मे मावळ-कोकणातले होते. ते हसू दाबत मागं सरकले.

मग सुभेदारसाहेब आले. महिपती ताठ उभा राहिला. लान्सनाईकची फीत त्याच्या दंडावर नुकती चढली होती, अजून टाके दिसत होते. सुभेदार कोकणातले, कोलाडकडचे, वीस वर्षं पलटणीत काढलेले. ते राबाजवळ आले, थांबले. त्यांनी लांब श्वास घेतला.

"कुठल्या अंगानं पेटवलास?" त्यांनी सरूला विचारलं.

"वाऱ्याच्या उलट्या."

"वर माती किती?"

"दोन बोटं."

"म्हणून जाळ उठला. चार हवी." मग ते महिपतीकडं वळले तेव्हा आवाज बदलला होता. "फीत वाचली तुझी. पण ही पोर रोज रडते म्हणे, आणि आता धूर काढते. दिवाळीला पलटण बेळगावला हलणार. गाडी लोणावळ्यावरनं जाईल, तिथं हिला उतरव. राहू दे घरी. तोवर तिचं पीक काढू दे, शेजारी बादल्या भरलेल्या पाहिजेत."

सरूला हवं होतं तेच मिळालं होतं. घर. आई. नागफणी. ती गालातल्या गालात हसत पुन्हा राबाकडं वळली.

रोप उठलं, हिरवंगार. आवणीच्या दिवशी शालूबाई कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"म्हंजे ह्ये उपटायचं आन् परत लावायचं? मग आदीच तितं का न्हाई लावलं?"

"लुगडं वर घ्या आन् या चिखलात, मावशी. कळंल."

शालूबाई आली. आणखी दोघी आल्या. गुडघाभर चिखलात चौघी वाकल्या, घसरल्या, एकमेकींवर हसल्या. पुढं दाणा भरू लागला तसे पाखरांचे थवे उतरले. मग बायकांनी पाळ्या लावल्या, पितळ्या बडवून पाखरं हाकली. आंबेमोहराचा वास सुटला तेव्हा परेडवरून येणारे शिपाई उगाच वळसा घालून क्वार्टरामागनं जायला लागले. सुभेदारही यायचे. एखादी लोंबी बोटांवर तोलून बघायचे आणि निघायचे.

"दिवं लागलं," एकदा महिपती म्हणाला. "आज रडायचं ऱ्हायलं काय?"

"पाखरांच्या मागं पळून पाय दुखत्यात. आत्ता काय रडता येतंय मला."

हुकूम मात्र अंदाजाच्या आधी आला. लोंब्या पिवळ्या झाल्या होत्या, पण पुरत्या नाही. निघायच्या सकाळी सरूनं आणि शालूबाईनं मिळून कापणी केली. कवेत मावेल एवढी पेंढी झाली. महिपतीनं सरूची पेटी वेगळी बांधली, लोणावळ्याला झटकन उतरवता यावी म्हणून. गाडीचा दिवस कळवणारं कार्ड त्यानं कुरवंड्याला बयाबाईच्या नावानं टाकलंच होतं.

कर्जत सुटलं आणि सरू जागेवर बसेना. पेंढी मांडीवर, डोकं खिडकीबाहेर. बोगदा आला की आत, संपला की बाहेर. आणि मग दरीपलीकडं, ढगांत नाक खुपसून उभी, नागफणी.

"ती बगा. ती बगा मावशी, आमची नागफनी."

शालूबाईनं निरखून पाहिलं. "ह्योच व्हय? तू सांगत व्हतीस त्यावरनं मला वाटलं, मोठा आसंल."

लोणावळ्याला गाडी थांबली. घाट चढवायला मागं लावलेली इंजिनं इथं सुटत, तेवढाच वेळ हाताशी. फलाटावर बयाबाई उभी होती, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, बाहेर बैलगाडी जुंपलेली. सरूनं उडी टाकली आणि काही बोलायच्या आत पेंढी आईच्या हातात दिली.

बयाबाईनं लेकीकडं नंतर पाहिलं. आधी लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, दाणा दाताखाली धरला.

"दोन दिस आदी कापलंस."

"हुकूम आदी आला, आये."

बयाबाईनं दुसरा दाणा चावला. "वास धरलाय पर. दुसऱ्याच्या मातीत वास धरला म्हन की." तिचा चेहरा फुलला होता. मग तिला पेटी दिसली. महिपतीनं ती फलाटावर आणून ठेवली होती.

"ही खाली कशापायी?"

"मी उतरतीया. घरी ऱ्हायाला."

"आन् ह्ये?" बयाबाईनं पेंढी वर केली. "रुजलीस न्हवं तितं?"

सरू पेंढीकडं बघत राहिली. खिडकीतून शालूबाईचं डोकं बाहेर आलं. "सरे, बेळगावात राब कोन भाजनार? माझ्या हातनं खरंच छावनी जळंल बग."

गाडीच्या कडेनं सुभेदार येत होते. सरूनं आईच्या हातातली पेंढी घेतली, बंद सोडला, निम्म्या लोंब्या आईच्या ओटीत घातल्या आणि उरलेल्या पदरात बांधून सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. महिपतीनं डोळे मिटले.

"सायेब, बेळगावची माती कशी हाय?"

सुभेदारांनी पेटीकडं पाहिलं, पदरातल्या गाठीकडं पाहिलं. "तांबडी. पाऊस धो धो."

"मंग राबावर माती चार बोटं पुरं व्हईल का?"

"तिथं वारा फार," सुभेदार म्हणाले आणि चालायला लागले. "सहा टाक."

महिपतीनं पेटी उचलून पुन्हा डब्यात ढकलली. बयाबाईनं भाकरीचं गाठोडं लेकीच्या हातात कोंबलं, गाडीनं शिट्टी दिली. सरू दारात उभी राहून हात हलवत ओरडत होती, "येत्या साली पिकल्यावर कापीन, आये." आणि फलाटावर बयाबाई ओटीतला आणखी एक दाणा दाताखाली धरून बघत होती.