राहू द्या, हाजी

नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी नजाहने एका म्हाताऱ्याला अकरा दिनार चाळीस किर्शचा माल पैसे न घेता जाऊ दिला.

नजाह शेहेचाळीस वर्षांची. इर्बिद शहरात तिला नावाने हाक मारणारी माणसं थोडीच. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे तिला उम्म ऐहम, म्हणजे ऐहमची आई, म्हणतात. तिने आयुष्यात नोकरी अशी कधी केलेली नव्हती. घरी दही बांधून लबनेह करायची, लहान वांगी अक्रोड भरून तेलात मुरवायची आणि गल्लीतल्या बायकांना बरण्या भरून द्यायची, एवढाच तिचा धंदा. नवरा मुफीद टॅक्सी चालवायचा. थंडीच्या तोंडाला त्याच्या पाठीचा मणका सरकला आणि तो अंथरुणाला खिळला. टॅक्सीच्या मालकाने चार दिवस वाट पाहून गाडी दुसऱ्याच्या हातात दिली. विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा नजाह कोणाला न विचारता जाऊन उभी राहिली. पंधरा दिवस पाहू, असं दुकानवाले म्हणाले. त्या पंधरा दिवसांत एका पाळीत दहा दिनारांहून जास्त तूट आली, तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही. कागदावर तसं लिहिलं होतं आणि तिने खाली सही केली होती. घरात येणारा पैसा आता या पगाराचाच होता.

लाल दिव्याच्या यंत्रासमोर वस्तू धरणं तिला लवकर जमलं. जमेना ते पैसे मागणं.

गल्लीत पैसे असे मागत नाहीत. शेजारीण रिकामी बरणी घेऊन येते, आपण भरून देतो, ती विचारते किती झाले. आपण म्हणायचं, राहू दे ग, तुझ्याहून जास्त आहे का? ती म्हणते, छे छे, सांग तू. आपण पुन्हा म्हणायचं, राहू दे. मग तिसऱ्या खेपेला भाव सांगायचा. मुफीद टॅक्सीतल्या उतारूंनाही हेच म्हणायचा, आणि उतारूही पैसे पुढ्यात ठेवूनच उतरायचे. एवढंही जो म्हणत नाही, त्याला लोक कोरड्या तोंडाचा म्हणतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून नजाह प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत होती, "राहू द्या, आपलंच आहे." गिऱ्हाइकं हसायची, दुवा द्यायची आणि पैसे द्यायची.

शेजारच्या गल्ल्यावर हदील बसायची. वय बावीस, तोंड चाळिशीच्या बाईचं. "मावशी," ती म्हणाली, "तुम्ही मालकाचं दुकान वाटत सुटलाय, ते मालकाला ठाऊक आहे का?"

"अग, म्हणायची पद्धत असते."

"पद्धत दुकानदाराची. आपण पगारी माणसं. मी आकडा सांगते नि तोंड मिटते. एक दिवस कोणीतरी 'बरं' म्हणेल ना, मग कळेल."

"इर्बिदमध्ये? तसला निर्लज्ज अजून जन्मायचाय."

तो म्हातारा तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आला. अंगात तपकिरी लोकरी झगा, डोक्याला रुमाल. टोपलीत तांदूळ, तेल, साखर, चहा, एक कोंबडी आणि ऑलिव्हच्या साबणाच्या दोन वड्या. त्याने दुकानाचं सवलतीचं कार्ड दिलं, त्यावर नाव होतं मिफलेह. नजाहने आकडा वाचला. म्हाताऱ्याने पाकीट काढलं, एक पाचाची नोट आणि एक एकाची नोट गल्ल्यापुढच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवली, मग नाणी ओतली आणि बोटाने एकेक बाजूला सारू लागला. शेवटच्या नाण्यापर्यंत पोचला, थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मागे चार माणसं उभी होती. एकाने घसा खाकरला. दुसऱ्याने नुसता सुस्कारा सोडला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

नजाहला त्या बोटाकडे बघवेना.

"राहू द्या, हाजी," ती म्हणाली. "आपलंच आहे."

म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तो काहीच बोलला नाही, म्हणून तिने रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा म्हटलं, "राहू द्या हो."

तेव्हा त्याने नोटा घडी करून पाकिटात ठेवल्या. मग नाणी. सगळी, एकेक करून. "अल्लाह तुझी लेकरं सुखात ठेवो, बाई," तो म्हणाला, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि गेला. काचेचं दार त्याच्यासाठी आपोआप उघडलं आणि मिटलं.

नजाहचा हात पैसे घ्यायला पुढे झाला होता, तो तसाच राहिला. हाक मारायची तर काय म्हणून? दोनदा राहू द्या म्हटलेल्या माणसाला, चार लोकांदेखत, अहो पैसे द्या, असं ओरडायचं? मागच्या माणसाने तोवर दुधाच्या बाटल्या ठेवल्या होत्या. तिने बाटली उचलून यंत्रासमोर धरली.

चहाच्या सुट्टीत तिने हदीलला सांगितलं. हदील हसत सुटली, मग नजाहचा चेहरा पाहून गप्प झाली.

"किती?"

"अकरा चाळीस."

"दहाच्या वर. संपलं, मावशी." हदीलने पर्स उघडली. "हे दोन दिनार घ्या आणि गल्ल्यात टाका. तूट नऊ चाळीसची दिसेल. विचारलं तर सांगा, सुटे देताना चुकले. नवीन माणसाचं चुकतंच. पगार झाला की परत करा, आणि माझं नाव कुठे घेऊ नका."

नजाहने दोन दिनार घेतले. तिच्या स्वतःच्या पर्समध्ये घरी जायच्या भाड्याशिवाय काही नव्हतं. नोटा गल्ल्यात सारताना तिला वाटलं, सगळं दुकान आपल्याच हाताकडे बघतंय. दुपारभर तिने कोणालाही राहू द्या म्हटलं नाही. आकडे सांगत राहिली. मध्येच ती विचार करायची, की मी ते मनापासून म्हटलं की नुसतंच? बोट पुन्हा पहिल्या नाण्यावर गेलं तेव्हा त्याच्याकडे पुरेसे पैसे नाहीत हे मला कळलं होतं. मग कळूनच म्हटलं की. पण तो घेईल, हे कुठे कळलं होतं?

चार वाजता पाळी संपली. पाळीचा प्रमुख सुफयान गल्ला मोजायला बसला. तिशीतला मुलगा, कानामागे पेन, बोलायला आदबशीर.

"नऊ चाळीस कमी," तो म्हणाला. "दहाच्या आत आहे, नशीब समजा. काय झालं, उम्म ऐहम?"

"सुटे देताना चुकले असेन."

"कोणाला?"

"आठवत नाही."

"मग कॅमेऱ्यात बघू. कोणाकडे तरी पैसे जास्त गेले असणार. पैसे खिशात घालून निघून जातात, आणि कापला जातो तुमचा पगार."

तिला कॅमेऱ्याचं सुचलंच नव्हतं. सुफयान चित्र पुढे पुढे ढकलत गेला आणि अकराच्या आसपास थांबला. चित्राला आवाज नव्हता. म्हातारा पैसे ठेवताना दिसला, मोजताना दिसला, आणि मग सगळे परत उचलताना.

"अरे!" सुफयान खुर्चीत सरळ झाला. "हे बघा! एक पै दिली नाही. झग्यातला हाजी, आणि चोर! कार्ड आहे त्याचं, नंबरही आहे. थांबा, आत्ता फोन लावतो. नाही आला तर पोलिसात देऊ."

"फोन करू नका," नजाह म्हणाली.

"का?"

खोटं बोलली ते स्वतःपुरतं, असं तिला वाटलं होतं. ते एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर जाऊन पडेल असं वाटलं नव्हतं. "त्यांनी काही चोरलं नाही. मी म्हटलं त्यांना, राहू द्या. दोनदा म्हटलं."

सुफयान तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही म्हटलंत. हे दुकान कोणाचं आहे, उम्म ऐहम? तुमच्या वडिलांचं?"

सुफयानने पुन्हा आकडे पाहिले.

"आणि त्याचं बिल अकरा चाळीसचं. गल्ल्यात तूट नऊ चाळीसची. हे दोन दिनार आले कुठून?"

"मी घातले."

"म्हणजे वर ही लपवाछपवी." त्याने कानामागचं पेन काढलं आणि टेबलावर आपटलं. मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघा. सगळे म्हणतात तसं तुम्ही म्हटलंत. त्याला कळायला हवं होतं. मी फोन करतो, चांगल्या शब्दांत सांगतो, हाजी, हिशेब राहिलाय. तो उद्या आणून देईल. तूट भरून निघेल, तुमची नोकरी राहील. यात कुणाचं काय बिघडलं?"

हे सोपं होतं. हो म्हणायला एक श्वास पुरला असता. घरात मुफीद पाठीखाली उशी घेऊन पडला होता, आणि ऐहमच्या विद्यापीठाचे पैसे पुढच्या आठवड्यात भरायचे होते.

"त्यांच्याकडे तेवढे नव्हते," ती म्हणाली. "असते तर दिले असते. मी चार माणसांसमोर त्यांना दिलंय, आता फोनवरून परत मागू? माझा एक दिवसाचा पगार कापा."

"पगार कापायचा प्रश्नच नाही. अकरा चाळीस म्हणजे नोकरीच नाही. सही आहे तुमची."

"माहीत आहे."

सुफयानने चित्र बंद केलं. गल्ल्याच्या यंत्रातून निघालेली पट्टी हातात घेऊन तो बराच वेळ वाचत बसला. त्यावर वाचण्यासारखं दोन ओळींपलीकडे काही नव्हतं.

"यंत्र म्हणतंय नऊ चाळीस," तो शेवटी म्हणाला. "मी यंत्र म्हणतं ते लिहितो. नऊ चाळीस पगारातून जातील. पण उद्यापासून तुमच्या तोंडून तो शब्द मला ऐकू यायला नको. आकडा सांगायचा, पैसे घ्यायचे, शुक्रन म्हणून आभार मानायचे. राजा आला तरी आणि तुमचा बाप आला तरी. मी मागे उभा राहून ऐकणार आहे. एकदा जरी ऐकलं तरी त्याच पावली घरी."

घरी तिने मुफीदला सगळं सांगितलं. तो हसला, हसल्यामुळे पाठीत कळ आली, मग विव्हळत म्हणाला, "बावीस वर्षांत माझ्याकडून फक्त दोघांनी घेतलं. एक परदेशी पोरगा, त्याला बिचाऱ्याला पद्धत माहीत नव्हती. दुसरा माझाच मेव्हणा." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "म्हणजे आता तू कोणालाच म्हणायचं नाही? ओळखीच्यांनाही?"

"कोणालाच नाही."

मुफीद छताकडे बघत पडून राहिला. "जमेल तुला?" तो म्हणाला.

चौथ्या दिवशी सुफयान खरंच मागे येऊन उभा राहिला. नजाहने सकाळभर आकडे सांगितले. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. दुपारी दीडच्या सुमाराला दारातून सबीहा आत आली, मुफीदची मोठी बहीण. सोबत तिच्या गल्लीतल्या दोन बायका. हदीलची रांग मोकळी असूनही ती मुद्दाम नजाहच्या रांगेत उभी राहिली.

"ही आमची भावजय," ती बायकांना सांगत होती. "गल्ला हिच्याच हातात असतो."

तिने बिस्किटं, चहा आणि कागदी रुमालांची चवड पट्ट्यावर ठेवली. नजाहने एकेक वस्तू यंत्रासमोर धरली. सबीहाने पर्सच्या कडीवर हात ठेवला आणि ती हसत वाट बघत उभी राहिली. काय ऐकायची वाट बघते आहे, हे नजाहला ठाऊक होतं. तिला फुकट काही नको होतं. तिला त्या दोघींसमोर फक्त 'छे छे, घे तू' असं म्हणायचं होतं.

शब्द नजाहच्या जिभेवर येऊन बसला. पाठीमागे सुफयानच्या बुटांचा आवाज थांबला.

"सात दिनार पंचवीस," नजाह म्हणाली.

सबीहा थांबून राहिली. पुढे काही येत नाही असं पाहून तिने विचारलं, "किती म्हणालीस?"

"सात पंचवीस, ताई."

सबीहाने त्या दोघींकडे पाहिलं नाही. दहाची नोट काढून तिने नजाहच्या पसरलेल्या हातावर न ठेवता पट्ट्यावर ठेवली. "घ्या, मॅडम," ती म्हणाली. "नीट बघून घ्या. आम्ही कोणाचं बुडवत नाही."

नजाहने दोन दिनार आणि पाऊण दिनाराची नाणी परत दिली. "शुक्रन," ती म्हणाली. सबीहाने नाणी उचलली आणि पिशवी घेऊन निघाली. त्या दोघी बायका तिच्या मागे, आपापसांत काहीतरी कुजबुजत. रात्रीपर्यंत हे सगळ्या नातेवाइकांत पोचणार होतं, आणि उताणा पडलेल्या मुफीदला ते फोनवर ऐकून घ्यावं लागणार होतं.

पुढच्या बाईने अंड्यांची पेटी ठेवली. नजाहने झाकण उघडून एखादं फुटलेलं नाही ना ते पाहिलं, आणि आकडा सांगितला.