फाटकावर वाचलेला कागद

गिरणी बंद होणार हे इंदुरात सर्वांना कळत होते. सांगायला मात्र कोणी तयार नव्हते. त्या दिवसांत कचेरीच्या आवारातील कडुनिंबाखाली मी टाइपरायटर घेऊन बसत असे. शिक्षण आठवीपर्यंतचे, परंतु माझ्या अर्जात वकीलही फेरफार करीत नसत, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

एका दुपारी गिरणीचे मॅनेजर साहेब स्वतः आले. सोबत मिशनच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर होते. हे ख्रिस्ती गृहस्थ दर गुरुवारी पलासियातील आपल्या घरी दोन-चार कारखानदारांना बसवून घेत आणि त्यांच्या मनातले ऐकत. साहेब हिंदू, पण त्यांचे जुने विद्यार्थी असल्याने वर्षभर तेथे जात होते.

"भिया, नोटीस लिहायची आहे," साहेब म्हणाले. "कामगारांना समजेल अशी. ते अर्ज तुमच्याकडूनच लिहून घेतात ना."

आमच्या धंद्याची रीत अशी, की अर्जात दोष अर्जदाराचा कधीच नसतो. तो परिस्थितीचा किंवा मागच्या अधिकाऱ्याचा असतो. त्यानुसार मी नवे सरकारी धोरण, स्वस्त कापड आणि जुनी यंत्रे यांवर सर्व भार टाकला आणि शेवटी गैरसोयीबद्दल माफी मागितली. सहीपूर्वी मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, ही दुसरी रीत. मी वाचला. साहेबांचा चेहरा सैलावला.

"एकदम बढिया," हेडमास्तर म्हणाले. "पण यात तू कुठे आहेस रे?"

"सर, खाली माझी सही येणार ना," साहेब म्हणाले.

"कागद चौकीदार चिकटवेल. तू कुठे असशील?"

साहेब खाली बघत म्हणाले, "मुंबईला. उद्याचं तिकीट काढलंय."

"आमच्या प्रार्थनेत आधी आपली चूक कबूल करायची असते, मग मागायचं. तू सरळ माफीवरच आलास."

साहेब म्हणाले, "दसऱ्याला मशीनची पूजा झाली, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, गिरणी चालणार. मला माहीत होतं सर, नाही चालणार. एका फिटरनं त्या भरवशावर हातची दुसरी नोकरी सोडली."

"हे लिही," हेडमास्तर मला म्हणाले.

मी हात यंत्रावरून काढून घेतले आणि साहेबांना म्हणालो, "साहबजी, हा तर आपल्याच गळ्यात फंदा. असा कागद मी आजवर लिहिलेला नाही."

"मग आज लिही. नाव होईल तुझं," हेडमास्तर म्हणाले.

मुंबईचे तिकीट रद्द करून साहेब नवा कागद स्वतः वाचणार होते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी गिरणीच्या फाटकावर गेलो. पहिला मसुदा खिशात ठेवला होता; साहेबांचा धीर सुटला तर तो पुढे करावा, असा माझा विचार होता. साहेब स्टुलावर उभे राहिले आणि पुटपुटल्यासारखे वाचू लागले.

"जोर से, साब! दसरे को तो बड़ी आवाज थी!" गर्दीतून कोणी ओरडले. लोक हसले.

साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून वाचले, मोठ्याने. दसऱ्याला मी तुमच्याशी खोटे बोललो, या वाक्यानंतर कोणी हसले नाही.

तो फिटर पुढे आला. "हे माझ्या बायकोला पण सांगा. नोकरी सोडली म्हणून ती मलाच पागल म्हणते."

साहेब स्टुलावरून उतरले आणि त्याच्यामागून चाळीकडे चालू लागले. मीही गेलो. दाराशी त्यांनी बूट काढले, कागदाची घडी केली आणि आत गेले. माझ्या खिशातील मसुदा मागण्यास कोणी आले नाही.