निळ्या दिव्याखाली माझा अंगठा

सरकारी दवाखान्यात मी तपासायच्या टेबलावर पाय फाकवून पडले होते आणि डॉक्टरबाईंनी पडदा सरकवला. बंद केला नाही. उघडला. सात-आठ शिकाऊ डॉक्टर आत आले. त्यात मुलगेही होते.

"बघा," बाई म्हणाल्या. "योनीमार्गातली बुरशी. परत परत होते. गोळ्या झाल्या, मलम झालं. आता बुरशी मारणारा निळा लाइट देऊन बघू." मग माझा चेहरा न बघताच, "धुतेस का गं रोज? की वस्तीत पाणीच येत नाही?"

कुणीतरी हसलं.

वाळूजला कंपनीत आठ तास उभी असते मी. लघवीलाही विचारून जावं लागतं. सहा महिने त्या खाजेनं बसू दिलं नव्हतं. म्हणून तशीच पडून राहिले.

तेवढ्यात वॉर्डातल्या मावशींनी माझा हात उचलला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि संमतीच्या कागदावर टेकवला.

"मला सही येते," मी म्हणाले.

"पडून ऱ्हा बाई. समद्यांचा अंगठाच घेतो."

मी बी.एस्सी. आहे. अजिंठ्याकडच्या बौद्ध घरातली, घरात पहिली शिकलेली. मास्तरांनी शिकवलं, वसतिगृहानं जेवू घातलं. मिळेल त्यासाठी हात जोडायची सवय तिथूनच लागली.

निळा दिवा लागला. एका मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, यांना समजावून सांगायचं नसतं का?"

"खासगीतल्या बायका शंभर प्रश्न विचारतात. या बऱ्या. नुसत्या पडून राहतात."

दिवा विझला. सलवार चढवता चढवता मी म्हणाले, "थँक्यू, मॅडम."

त्यांचं बोलणं मी विसरेन कदाचित. माझं नाही विसरत.

पुढच्या मंगळवारी दुसरी खेप. मावशींनी बाकापाशीच पॅड पुढं केलं. मी मूठ आवळली.

"कागद द्या. वाचते."

"लई शाणी हाय का तू?"

"व्हय."

मोठ्यानं वाचला. उपचार प्रायोगिक आहे. नकार दिला तरी नेहमीची औषधं चालू राहतील. शिकाऊ डॉक्टर आत आणायचे तर रुग्णाची परवानगी लागेल. सगळं छापलेलं होतं. मराठीत. माझ्याच अंगठ्याखाली दडलेलं. बाकावरच्या बायका ऐकायला लागल्या.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "काय तमाशा लावलाय? उपचार नको असेल तर नीघ."

"हवाय, मॅडम. पडदा लावून. सही करून."

"मग बस खाजवत." माझा केसपेपर त्यांनी गठ्ठ्याच्या तळाशी घातला. दुपारी ओपीडी बंद झाली. माझं नाव आलं नाही.

बाहेर पडताना बाकावर शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "पोरी, माझ्या कागदावर काय व्हतं गं? मी तर देऊन बसले अंगठा."

तिचा अंगठा अजून निळाच होता.

खाज आहे. मंगळवारी पुन्हा जाणार. तक्रारीचा अर्ज लिहिलाय, खाली माझी सही आहे. दिवा सरकारी आहे, तो मी घेणारच. बाकावर बसून प्रत्येकीचा कागद मोठ्यानं वाचणार. अंगठा देणार नाही.

आणि थँक्यू तर नाहीच.