चार फूट अकरा इंचांवरचा कॅमेरा

घर बांधण्याआधीच घराचा व्हिडिओ करून देणारा खामगावात मी एकटाच, म्हणजे माझ्या गल्लीत तरी. नकाशावरून मी घर कॉम्प्युटरमध्ये उभं करतो आणि कॅमेरा वरून असा भिरभिरवतो, की एका गिऱ्हाइकाच्या बायकोनं चक्कर येऊन माझं टेबलच धरलं होतं. ते अजून एका बाजूला कललेलं आहे. खोटं वाटत असेल तर येऊन पाहा.

त्याच टेबलासमोर एके दिवशी एक म्हातारे शिंपीकाका येऊन बसले. त्यांचा लेक चिखलीला घर बांधत होता. व्हिडिओ पाहून काका वैतागले.

"काऊन बे, मी काय घार आहो? माणसासारखं चालव ना!"

गळ्यातला टेप काढून त्यांनी फरशीपासून स्वतःच्या डोळ्यापर्यंत माप घेतलं. चार फूट अकरा इंच.

"इथं ठेव कॅमेरा. अन् माह्या चालीनं चालव. नजर जाऊन राह्यली माही. कोणाचा हात धरून संडासले जायचं नाही मले. घर आत्ताच पाठ करतो."

मी त्यांना दुकानात चालवलं, त्यांचं पाऊल मोजलं आणि कॅमेरा तसाच नेला. उंबऱ्यापासून त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत अकरा पावलं, दारापासून खिडकीपर्यंत सात. काका रोज सकाळी येत, स्क्रीनला नाक लावून ओठांतल्या ओठांत पावलं मोजत. हजार वेळा पाहिला असेल. बरं, दोनशे धरा.

एकदा म्हणाले, "खिडकीपाशी बाई कोण उभी केली?"

"कोणीच नाही, काका. खोली रिकामी आहे."

"हाव? मंग रोज कोण दिसते?"

मी फाइल उघडून एकेक वस्तू तपासली. पलंग, पंखा, पडदा. बाई नव्हती. नजर जाताना होत असेल असं, म्हणून सोडून दिलं. पण त्या खोलीत कॅमेरा नेताना मी दुकानाचं शटर पूर्ण वर ठेवू लागलो.

घर झालं तोवर काकांची नजर पार गेली होती. वास्तुशांतीला मीही गेलो. काकांनी लेकाचा हात झटकला, उंबरा ओलांडला आणि चालू लागले. अकराव्या पावलाला थांबले. समोर कोरी भिंत.

लेक माझ्या कानाशी पुटपुटला, "वास्तूवाल्यानं सांगितलं म्हणून दार चार फूट सरकवलं. तुम्हाले कळवायचं राह्यलं."

काका भिंतीवर तळहात फिरवत होते. "दार कुठं गेलं बे?"

"बाबा, इकडं आहे. या, मी नेतो."

"नेऊ नको मले." त्यांनी भिंतीला कान लावला. "ती आत उभी आहे. मी इथूनच येतो, तिले माहीत आहे."

लेकानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

पुढच्या आठवड्यात गवंड्यानं भिंत फोडली. दार व्हिडिओत होतं तिथंच बसलं, मी स्वतः टेप लावून पाहिलं. मग काका एकटे आत शिरले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातवं पाऊल त्यांनी समोर टाकलंच नाही. जरा डावीकडे सरकले, खिडकीत आधीच कोणी उभं असलं की आपण सरकतो तसे, आणि गज धरून उभे राहिले.

"आलो बरं," ते म्हणाले. "कोणाचा हात न धरता."

कोणाला म्हणाले, ते मी विचारलं नाही.