चौथ्या मजल्यावरची चावी

त्याचं खरं नाव गावात कुणाला ठाऊक नव्हतं. तो नगरपालिकेचा चावीवाला. माणसाएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हिंडायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, की या भागाला पाणी सुरू नि त्या भागाचं बंद. "पाणी कधी येणार हो?" असं कुणीही विचारलं की हा शांतपणे म्हणे, "उद्या." म्हणून त्याचं नाव पडलं उद्याभाऊ. विद्यापीठात शिकायला आलेली पोरं गाव सोडताना शिकलेलं सगळं विसरत, उद्याभाऊला विसरत नसत. विसरतील कशी? डोक्याला साबण लावून त्याची वाट पाहिलेली.

तर हा उद्याभाऊ चाळिशीला टेकला आणि प्रेमात पडला. पडावं कुठे माणसानं? टेकडीवरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, जिथे पाणी आजवर चढलंच नव्हतं. तिथे एक शिवणकाम करणारी बाई राहायची. विद्यापीठाच्या पदवीदानाचे काळे झगे तीच शिवायची, आणि घरभर ते असे टांगलेले असत की मुंडकी घरी विसरून पदवीधर जमलेत असं वाटे. ती एकदा तक्रार घेऊन नगरपालिकेत आली, याला भर कचेरीत नको नको ते बोलली, आणि हा तिथेच गारद. शिव्या खाऊन कुणाला भूक लागते का? याला लागली.

तेव्हापासून हा रोज दोन कळशा घेऊन चार जिने चढू लागला. शेवटी एके दिवशी धापा टाकतच त्यानं लग्नाचं विचारलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण.

"माणूस चांगले आहात तुम्ही," ती म्हणाली. "पण पाणीवाल्याशी लग्न करून पाणी खालूनच आणायचं, तर गाव मला हसेल आणि मी तुमच्यावर चिडेन. माझ्या नळाला आपलं आपण पाणी येईल त्या दिवशी उंबरा ओलांडून आत या. तोवर कळशा बाहेर ठेवा."

आणि नशीब बघा, त्याच वर्षी नवी टाकी बांधून झाली. नव्या इंजिनीअरबाईंनी जाहीर केलं, आता चोवीस तास पाणी. आठवडाभर टाकीतलं पाणी पुरलं तर कायमचं, नाहीतर पुन्हा जुनं वेळापत्रक. उद्याभाऊनं शीळ घालत सगळे व्हॉल्व्ह उघडले, आणि दुपारपर्यंत टाकी ठणठणीत कोरडी.

झालं असं, की या गावात नळ बंद करायची पद्धतच नव्हती. नळ कायमचा सोडलेला, खाली पालथं ताट. पाणी आलं की ताट वाजतं, की सगळं घर धावतं. त्या दिवशी गावभर ताटं वाजली. पिंपं भरली, टब भरले, वसतिगृहातल्या पोरांनी हेल्मेटंसुद्धा भरली. सगळं भरल्यावर लोकांनी ते ओतून दिलं आणि ताजं भरायला घेतलं. टेकडीवर मात्र थेंब नाही.

इंजिनीअरबाईंनी कपाळाला हात लावला. "लोकांना नळ बंद करायला सांगा. परवापर्यंत पाहते, मग नाइलाज आहे."

उद्याभाऊ दारोदार फिरला. "भरू नका, नळ बंद करा. उद्याही पाणी येणार आहे." त्याच्या तोंडून उद्या ऐकून लोक पोट धरून हसले आणि आणखी एक बादली लावली. याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

घरी आला, तर परसात आईच पिंप भरतेय.

"आई, तूसुद्धा?"

"मी काय वेगळी आहे? तुझं उद्या ऐकत केस पिकले माझे. आणि ती चावी तुझ्या खांद्यावर आहे तोवर कोण शहाणा नळ बंद करील? साहेबांनी बोलावलं की निघालास फिरवायला."

उद्याभाऊ आ वासून उभा राहिला. मग त्यानं आईला उचललं, गर्रकन एक गिरकी घेतली, तिला पिंपाशेजारी ठेवलं आणि पळत सुटला. इंजिनीअरबाईंनी सगळं ऐकलं, "चावी एकच आहे ना?" विचारलं, आणि हसू दाबत मान डोलावली.

तो चौथ्या मजल्यावर गेला. उंबऱ्याबाहेरूनच चावी शिवणवाल्या बाईच्या हातात दिली. तिनं झग्याच्या काळ्या कापडानं ती गॅलरीच्या कठड्याला करकचून बांधली, सगळ्या गावाला दिसेल अशी.

"ही तिथे आहे तोवर पाणी कुणाला बंद करता येणार नाही," उद्याभाऊनं गावभर सांगितलं. "आणि तिच्या हातून ती सोडवून आणायची माझी तरी छाती नाही."

यावर मात्र गावाचा विश्वास बसला, कारण ती कचेरीत काय बोलली होती ते सगळ्यांनी ऐकलं होतं. लोक उठसूट टेकडीकडे बघू लागले. सकाळी चावी जागेवर, दुपारी जागेवर. पहिला नळ आईनं बंद केला आणि शेजारणीला दाखवायला बोलावलं. मग शेजारणीनं केला. संध्याकाळी गावात एकही ताट वाजेना, तेव्हा ती शांतता ऐकून लोकच घाबरले.

दुसऱ्या दिवशी उद्याभाऊ रिकाम्या हातांनी जिने चढला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. ती दारातच होती.

"आलं का?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत? तुम्हीच नळ बंद ठेवायला सांगितलात."

दोघंही नळाकडे बघत राहिली. तो उंबऱ्याबाहेर, ती आत. शेवटी तिनं जाऊन नळ सोडला. नळ खोकला, गुरगुरला, एका पदवीधराच्या झग्यावर थुंकला, आणि धो धो पाणी आलं. तिनं खाली काहीच लावलं नाही. बंद केला, सोडला, पुन्हा बंद केला, पुन्हा सोडला, आणि शिलाई मशीनचा आधार घेऊन हसत सुटली. बाहेर हाही हसत होता, डोळे पुसत.

"बाहेर काय उभे? या की आत," ती म्हणाली. तो आला. "आईंना कधी आणताय बोलणी करायला?"

"उद्या," तो सवयीनं बोलून गेला आणि जीभ चावली.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग वाहत्या नळाकडे.

"उद्या चालेल," ती म्हणाली आणि नळ घट्ट बंद केला.